मी कुणाची वकील नाही



या संमेलनाच्या अध्यक्षपदाचं निमंत्रण घेऊन घरी आलेल्या मंडळींनी निघताना दारात चपला घालता घालता एक विनंती केली होती. "बाई, वादाचं काही नको. कार्यक्रम घरचा आहे." मी त्यांना चहा दिला होता. शब्द दिला नव्हता. आणि कार्यक्रम घरचाच असेल, तर घरातलं बोलायला याहून चांगली जागा कुठली?

आज मला बोलायचं आहे ते वारसांबद्दल. महाराष्ट्रात इतिहासाला वाचक कमी आणि वारस फार. जो तो इतिहासाचा वारस. घराणी वारस, जाती वारस, पक्ष वारस, सरकार तर सगळ्यात थोरलं वारस. वारस म्हटलं की हक्क आला, वाटणी आली, कोर्टकचेरी आली. मग इतिहासकाराकडे सगळे एकाच कामासाठी येतात, आमची बाजू मांडा. मी आयुष्यभर हे वकीलपत्र घ्यायला नकार दिला. त्यामुळे मला मानधन कमी आणि शिव्या जास्त मिळाल्या. तक्रार नाही. पण नकाराची कारणं एकदा जाहीर सांगायची होती.

आपण सातारा जिल्ह्यात बसलो आहोत. वारसपण किती निसरडं असतं हे या मातीइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसावं. शाहू महाराज 1749 मध्ये वारले. ताराबाईंनी रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणलं, तो छत्रपती झाला. वर्ष सरायच्या आत त्याच ताराबाईंनी त्याला अजिंक्यताऱ्यावर कैदेत टाकलं आणि हा आपला नातूच नव्हे, असं जाहीर केलं. पुढे जेजुरीच्या खंडोबासमोर त्यांनी तशी शपथही घेतली. त्यांचं पहिलं म्हणणं खरं की दुसरं? मातब्बर संशोधकांनी यावर शाई खर्च केली आहे. पुढे 1848 साली कंपनी सरकारने दत्तक वारस नामंजूर केला आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. एकदा घरच्यांनी वारस नाकारला, एकदा परक्यांनी. दोन्ही वेळी निर्णय सत्तेच्या सोयीने झाला. हे पाहिलेल्या जिल्ह्यात आज कुणी छाती पुढे काढून "आम्हीच खरे वारस" म्हणतो, तेव्हा मला त्याच्या धिटाईचं कौतुक वाटतं.

आता अलीकडचं. 2025 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरचा 'छावा' चित्रपट आला. लोक थिएटरात रडले, घोषणा देत बाहेर पडले. त्यात गणोजी आणि कान्होजी शिर्के फितूर दाखवले म्हणून शिर्के घराण्यातल्या आजच्या पिढीने हरकत घेतली, अब्रुनुकसानीच्या दाव्याची भाषा झाली, दिग्दर्शकाने माफी मागितली. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल होऊन संचारबंदी लागली. महिनाभरात एक चित्रपट, एक माफी आणि एक दंगल. या सगळ्यात एक प्रश्न फार कुणाच्या तोंडी आला नाही: 1689 साली संगमेश्वरात संभाजी महाराज पकडले गेले तेव्हा नक्की काय झालं, आणि ते कोणत्या कागदावरून म्हणता? फितुरी झाली की नाही, झाली तर कुणी केली, हा पुराव्याचा प्रश्न आहे. तो माफीने सुटत नाही. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने काही केलं असेल, तर त्याचं पाप आजच्या शिर्क्यांच्या माथी येत नाही. आणि हेही ऐका, त्याने पराक्रम केला असेल तर त्याचं पुण्यही त्यांच्या खात्यात जमा होत नाही. पहिलं वाक्य ऐकून टाळ्या वाजल्या. दुसऱ्याला मंडप गप्प झाला. मला हेच दाखवायचं होतं.

संभाजी महाराजांच्या बदनामीची गोष्टही नीट सांगायला हवी. बखरींनी आणि नाटकांनी त्यांना व्यसनी, उच्छृंखल ठरवलं होतं. वा. सी. बेंद्रे नावाच्या माणसाला ते पटलं नाही. त्यांनी मोर्चा काढला नाही. कागद शोधत देशातली दप्तरं पालथी घातली, परदेशातही गेले आणि आयुष्यातली कित्येक दशकं या एका विषयाला दिली. त्यांचं 'छत्रपती संभाजी महाराज' 1960 साली आलं. पुढे 1971 मध्ये कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. या दोन ग्रंथांनंतर जुनं चित्र उभं राहणं अशक्य झालं. आज संभाजी महाराजांचं नाव छातीवर मिरवणाऱ्या किती तरुणांना ही दोन नावं माहीत आहेत?

त्याच महाराजांच्या नावाच्या पुण्यातल्या उद्यानात राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा होता. 2017 च्या जानेवारीत तो उखडून मुठेत टाकला गेला. कारण काय, तर 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकात संभाजी महाराजांचं चित्रण वाईट आहे. गडकरी 1919 साली गेले. त्यांच्या नाटकाला उत्तर हवं होतं, आणि ते बेंद्र्यांनी पुतळा पडण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी देऊन ठेवलं होतं. पण ते वाचायचं म्हणजे शेकडो पानं उलटायची. पुतळा पाडायला एक रात्र पुरते. 2004 च्या 5 जानेवारीला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हाही हेच झालं. एका परदेशी लेखकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या आक्षेपार्ह मजकुराचा राग पुण्यातल्या पोथ्यांवर आणि कपाटांवर निघाला. त्या पुस्तकातला तो मजकूर मलाही तकलादू वाटतो. ऐकीव गप्पा हा पुरावा नसतो. पण तकलादू वाक्याला खोडायला भक्कम वाक्य लागतं. कुऱ्हाड चालवली की तुमच्याकडे वाक्य नाही, एवढंच सिद्ध होतं.

आणि हे थांबलेलं नाही. 2025 मध्येच कोल्हापुरातल्या एका इतिहास संशोधकाला फोनवरून धमक्या आल्या. त्याच कोल्हापुरात 2015 साली 'शिवाजी कोण होता?' लिहिणारे गोविंद पानसरे सकाळी फिरायला गेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इतिहास लिहिणं हे आपल्याकडे जोखमीचं काम झालं आहे, आणि ते ज्यांच्यामुळे झालं ते सगळे स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवतात.

सरकारचीही गोष्ट करू. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात. मिरवणुका निघाल्या, रांगा लागल्या. ही वाघनखं साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून तिकडे पोचली. शिवाजी महाराजांनी प्रतापगडावर 1659 साली वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं. म्हणजे परक्या संस्थेने खरं काय ते मांडून ठेवलं, आणि आपल्या मंत्र्यांनी भाषणात ते वाक्य गाळलं. वाघनखं पाहायला जरूर जा. पण सोबत ते वाक्यही वाचा. शिवाजी महाराजांचं मोठेपण एका लोखंडी वस्तूच्या खरेपणावर टांगलेलं आहे, असं ज्यांना वाटतं, त्यांचा महाराजांवरचा विश्वास माझ्यापेक्षा कमी आहे.

इथवर मी घराण्यांना आणि पुढाऱ्यांना बोलले. आता एक कबूल करायला हवं: घराण्यांशिवाय आमचं चाललंही नसतं. शिवजन्माची तारीख घ्या. ती पक्की करायला कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी जपलेली शकावली कामी आली. लोकमान्यांकडे ती आली, 1916 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात शके 1551 मधली फाल्गुन वद्य तृतीया होती, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. बखरींवर विसंबून तोवर 1627 साल धरलं जात होतं. इतर साधनांशी पडताळणी होत, वाद झडत झडत, राज्य सरकारने ती तारीख स्वीकारायला 2001 साल उजाडलं. जेध्यांनी तो कागद पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आणि देताना, आमच्याबद्दल चांगलंच छापा, अशी अट घातली नाही. मी घराण्यांकडे मागते ते इतकंच.

आणि ज्यांनी कागद सांभाळले नाहीत? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे याच वाई-सातारा भागात वाडे धुंडत हिंडले. पानिपतच्या काळातल्या पत्रांचा, त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतला पहिला खंड 1898 साली निघाला. पुढे असे बावीस खंड झाले. ज्या घरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, त्यांचे कागद पुढे कुठे गेले? वाण्याच्या पुड्यांत, पाण्याच्या बंबात, वाळवीच्या पोटात. या जिल्ह्यात असा वाडा सापडणार नाही जिथल्या म्हाताऱ्या माणसाने "पोतंभर कागद होते हो, आम्ही जाळले" असं मला सांगितलेलं नाही. सांगताना कुणालाही वाईट वाटत नाही. पणजोबांची तलवार मात्र दिवाणखान्यात असते, दसऱ्याला पुजली जाते.

आता पुढच्या रांगांत बसलेल्या माझ्या भाऊबंदांकडे वळते. आमच्या घराण्याकडे कुळकर्णीपणाचं वतन होतं. लहानपणापासून आम्ही सगळी भावंडं एक गोष्ट ऐकत आलो. 1876-77 च्या दुष्काळात आमच्या खापरपणजोबांनी पेवं उघडली आणि गाव जगवलं. गोष्ट इतकी सुंदर होती की लग्नाच्या बैठकीतसुद्धा ती सांगितली जायची. मी मोडी शिकल्यावर घरातलेच कागदांचे रुमाल सोडले. पेवं उघडली होती, हे खरं निघालं. धान्य दिलं होतं, हेही खरं. प्रत्येक मापाचा रोखा लिहून घेतला होता, हेही खरं. आणि पुढच्या काही वर्षांत त्या रोख्यांवरची जमीन एकेक करून आमच्या नावावर चढली, हे सगळ्यात खरं. दुष्काळाच्या आदल्याच वर्षी, 1875 साली, सुप्याला आणि पुणे-नगरच्या इतर गावांत कुणब्यांनी सावकारांचे रोखे का जाळले, हे मला तेव्हा पुस्तकापेक्षा घरच्या रुमालात जास्त नीट कळलं. त्या दंग्यांनंतर सरकारला 1879 चा शेतकरी संरक्षणाचा कायदा करावा लागला. आमच्या गावात दंगा झाला नाही, म्हणून आमचे रोखे शाबूत राहिले आणि मला वाचायला मिळाले.

मी ते छापलं. भाऊबंदांनी आधी समजावलं, मग बजावलं. थोरले काका म्हणाले, "दुसऱ्याच्या घरचं काय ते लिही. आपलं झाकावं." एका चुलतभावाने विचारलं, "यातून तुला मिळालं काय?" आत्याने श्राद्धाचं बोलावणं बंद केलं. आज ही मंडळी पुढच्या रांगेत आली आहेत, त्याबद्दल मी त्यांची खरोखर ऋणी आहे. पण काकांच्या वाक्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आज देते. काका, मी आपलं झाकलं असतं, तर दुसऱ्याचं उघडायचा मला काय अधिकार होता? शिर्क्यांना "पुरावा पाहा" म्हणणारी बाई स्वतःच्या घरचे रोखे लपवून ठेवते, हे तुम्हाला चाललं असतं? ज्या कुणब्यांच्या जमिनी गेल्या त्यांचीही नातवंडं, पणतवंडं आज या मंडपात आहेत. त्यांच्या घरी ही गोष्ट कागदाशिवायच पोचली होती. त्यांनी ती सांगितली तेव्हा आपण तिला कुरकूर म्हणत होतो.

आमच्या कुलवृत्तांताबद्दलही सांगते. त्यात पुरुषांची नावं, जन्म, शिक्षण, नोकरी, बढती असं सगळं आहे. बायका आल्या की माहेरचं नाव गळतं, मुली लग्न झालं की झाडावरून नाहीशा होतात. घराण्यातले सगळे रुमाल जिने वाचले, ती त्या छापील वंशवृक्षात "एक कन्या" एवढीच आहे.

यावरून माझ्याच बिरादरीकडे येते. आम्हा इतिहासकारांना वैराग्याचं फार वेड. राजवाड्यांची पत्नी तरुणपणीच वारली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही, हाताने शिजवून खाल्लं, ज्ञानासाठी भटकले. रियासतकार सरदेसायांचा तरुण मुलगा शामकांत अकाली गेला. त्याची पत्रं त्यांनी पुस्तकरूपाने छापली आणि पुन्हा कामाला जुंपून घेतलं. पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड मुलगा गेल्यानंतरचे आहेत. या माणसांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांच्या नावाने जो आदर्श रचला गेला, त्याच्याशी माझं भांडण आहे. संशोधक म्हणजे संसाराचं भान नसलेला ऋषी, हे ऐकायला छान वाटतं. ऋषीच्या घरी पाणी कोण भरतं? आमच्या पिढीतल्या कितीतरी जाडजूड ग्रंथांच्या प्रस्तावनेत शेवटच्या ओळीला "आणि सौ.ने सांभाळून घेतले" असं असतं. त्या सौ.ने शुद्ध प्रती काढल्या, सूची केली, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली आणि आलेल्या प्रत्येक अभ्यासकाला जेवू घातलं. मी बाई असल्यामुळे मला सौ. मिळाली नाही. माझे लेख भाकरी झाल्यावर, मुलीची शाळा झाल्यावर, रात्री लिहिले गेले. नवऱ्याने साथ दिली, पण ती साथ आहे म्हणून त्याचं कौतुक झालं. माझ्या पुरुष सहकाऱ्यांच्या बायकांचं त्याच कामासाठी कुणी कौतुक केल्याचं मला आठवत नाही. ज्यांना आपल्याच घरातलं श्रमाचं वाटप दिसत नाही, ते अठराव्या शतकातल्या वेठबेगारीवर प्रबंध लिहितात. त्यांनी तो लिहावाच, पण दुपारचं ताट स्वतः घासून मग लिहावा.

आणि एक दोष आपल्या सगळ्यांचा. आपण असं लिहितो की कुणी वाचू नये. तळटीपांचं जंगल, "असावा", "नसावा", "संभव नाकारता येत नाही". मग वाचक कादंबरीकडे जातो, कादंबरीवरून सिनेमा निघतो, सिनेमावरून फोनवर मजकूर फिरतो, आणि तो मजकूर आपल्याला धमकी होऊन परत मिळतो. त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतवरचं लेखन काढून पाहा. पुरावा घट्ट आणि वाक्य धारदार. मतभेद असतील त्यालाही पुस्तक खाली ठेवता येत नाही. तसं लिहिणं ही आपली जबाबदारी आहे. वाचकाला शिव्या देऊन ती टळत नाही.

शेवटचा मुद्दा आजच्या सर्वांत तापलेल्या विषयाचा, तो टाळला तर मला भित्री म्हणाल. 2023 पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू आहे. निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली, तहसीलच्या रेकॉर्ड रूमची कुलपं निघाली, निजामकालीन कागद आणि हैदराबाद गॅझेट गावच्या पारावर चर्चेला आले. आरक्षण कुणाला मिळावं हे ठरवायचा अधिकार माझा नाही. मी कागदापुरतं बोलते. वर्षानुवर्षं आम्ही ओरडत होतो की कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या वह्या, पाहणीपत्रकं ओलीत कुजताहेत, मोडी वाचणारी माणसं संपत चालली आहेत. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका रात्रीत सरकारला मोडीवाचक हवे झाले! ज्या मोडीला "मेलेली लिपी" म्हणून हसत होते, तिच्यासमोर पोरं रांगा लावून उभी राहिली. चांगलं झालं. पण काय वाचलं? आपल्या आजोबाचं नाव आणि त्यापुढचा एक शब्द सापडला की वही मिटली. वरच्या-खालच्या ओळी कुणी वाचल्या नाहीत. त्याच पानावर गावच्या महारांची नोंद आहे, त्याच पानावर पटकीने एका आठवड्यात गेलेली सात-आठ लेकरं आहेत, त्याच पानावर नाव न लिहिता "अमुकची बायको" म्हणून नोंदलेल्या बाया आहेत. एक शब्द काढून घ्यायला आलात, तर कागद शब्द देतो. गाव समजून घ्यायला आलात, तर तो गाव देतो.

आता मागण्या. अध्यक्षीय भाषणात मागण्या असतात आणि त्या ठरावाच्या फाइलीत राहतात, हे मला माहीत आहे. तरी करते. प्रत्येक तहसीलच्या अभिलेख कक्षाचं छायाचित्रण करून ते सगळ्यांना पाहायला खुलं करा, शोध कोणत्याही जातीचा असो. मोडीचे वर्ग होतात, पण शिकलेल्याला पोट भरेल अशी कायम नोकरी द्या. समितीपुरती रोजंदारी नको. सरकारने इतिहासाची पारितोषिकं आणि स्मारकं थोडी कमी करावीत, त्या पैशात वाळवीचा बंदोबस्त होईल. ज्या घरांत अजून रुमाल आहेत त्यांनी ते संशोधकांना विनाअट दाखवावेत. बदल्यात मीही एक वचन देते: तुमच्या घराण्याची निंदा करायला मी कधी बसणार नाही, आणि स्तुती करायलाही नाही. आणि संशोधकांनो, तुमच्या बाजूचा कागद छापाल, तितक्याच अक्षरात विरुद्ध बाजूचाही छापा.

मला अनेकदा विचारतात, बाई, तुम्ही कुणाच्या? मराठ्यांच्या की ब्राह्मणांच्या, या पक्षाच्या की त्या? मी कुळकर्ण्यांच्या घरात जन्मले, हे खरं. जन्माला माझा इलाज नव्हता. लिहिण्याला आहे. म्हणून ज्याच्या विरुद्ध कागद निघेल त्याच्या विरुद्ध मी लिहीन, तो माझा पणजोबा असला तरी, आणि ज्याच्या बाजूने निघेल त्याच्या बाजूने, त्याने मला शिव्या दिल्या असल्या तरी.

भाषण संपलं. संयोजकांच्या कार्यक्रमपत्रिकेत यानंतर फक्त आभारप्रदर्शन आहे. ते होऊ द्या. त्यानंतर मी याच मंडपात थांबणार आहे. ज्यांना माझं म्हणणं चूक वाटलं त्यांनी घरी जाऊन चिडू नये, इथे यावं आणि तोंडावर सांगावं. काका, तुम्हीही या. फक्त प्रत्येकाने येताना आपला पुरावा घेऊन यावं. माझे रोखे मी पिशवीत घेऊनच आले आहे.